बीटाच्या बरणीतला कान

मेंढीचा कान कापण्यात माझ्या नवऱ्याचा, मर्विनचा हात धरणारा वॅराबा गावाच्या पंचक्रोशीत कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. सगळा घोळ त्यातूनच झाला.

मेंढीच्या अंगभर लोकर असते, पण कान उघडे. आणि इथलं ऊन उघड्यावरचं काही सोडत नाही. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या कानांच्या कडेला खपली धरते, खपलीची गाठ होते, गाठ फुटली की माश्या बसतात. लोकरीच्या कातरणीच्या आधी मर्विन सगळा कळप मेंढवाड्यात घेतो, असले कान हुडकतो आणि खुरं छाटायच्या कात्रीनं गाठीच्या खालून कचकन उडवतो. वर डांबराचं बोट. मेंढी दोनदा डोकं झटकते आणि चरायला लागते. एक मेंढी झाली की कात्री स्पिरिटच्या डब्यात बुडवायची, मग दुसरी धरायची, ही त्याच्या बापाची शिस्त.

तर त्या दिवशी असे कान उडवून तो दुपारी जेवायला आला, तो टोपी कानांवर ओढून. घरात टोपी घालून बसायची त्याला सवय नाही, त्याच्या आईनं ती लहानपणीच मोडली होती. मी थंड मटणाचे काप आणि पाव त्याच्यापुढे ठेवले आणि बीटाची बरणी उघडायला घेतली. बघते तर ह्याच्या कॉलरवर लाल डाग.

"जेवायच्या आधीच बीट सांडलंस?" म्हटलं, आणि मग लक्षात आलं की बरणीचं झाकण अजून माझ्या हाताखाली घट्टच आहे.

"टोपी काढ."

"जेवू दे की बाई."

"मर्विन, टोपी काढ."

त्यानं काढली. उजव्या कानाच्या वरच्या कडेचा तुकडा गेलेला. पार गेलेला. जिथं होता तिथं डांबर फासलेलं आणि डांबरातून रक्ताची बारीक धार मानेवर.

"तारेत अडकला," तो म्हणाला.

"तार फाडते. हा सरळ कापलाय. मेंढ्यांच्या कानांना डांबर फासण्यात माझीही हयात गेलीय, मला शिकवू नकोस."

त्यानं घास चावला. सावकाश चावला. मग म्हणाला, "मेंढीला करतो तेच केलं. काळं होतं, वाढत होतं, काढून टाकलं. विषय संपला. ते बीट दे इकडं."

त्या कानावर काळा ठिपका होता, हे मला काय ठाऊक नव्हतं? ईस्टरपासून मी त्याच्या मागे लागले होते. आधी मिऱ्याएवढा, मग वाटाण्याएवढा, कडेनं फाटल्यासारखा. गाडी चालवताना खिडकीकडचा तो कान, जन्मभर ऊन खाल्लेला. दरवेळी म्हणायचे, डॉक्टरीणबाईंना दाखव. आणि दरवेळी एकच उत्तर, "कातरणी उरकली की जातो." दोन्ही कान शाबूत होते तेव्हाही माझं ऐकायचा नाही तो.

हे वाक्य त्याचं स्वतःचं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. पण ते त्याच्या बापाचं. माझा सासरा वॉल्टर, उभा आडवा माणूस, मेंढा शिंगांना धरून आडवा पाडणारा. त्याच्या मानेवर असाच काळा डाग होता. तोही म्हणाला होता, कातरणी उरकली की जातो. कातरणी उरकली, तो गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता कॅन्सर यकृतात उतरलाय. पुढची कातरणी त्यानं पाहिली नाही. शेवटी शेवटी मी त्याचं अंग पुसायची तेव्हा माझ्या एका हातानं कुशीवर वळायचा, इतका हलका झाला होता. हे सगळं मर्विननं दारात उभं राहून पाहिलेलं. खोलीत यायचं त्याला जमायचं नाही.

"ऊठ," मी म्हटलं.

"परवा विरेमुची माणसं येतायत कातरायला. शेड झाडायची राहिलीय, मोटर..."

"ऊठ म्हणते ना!"

माझा आवाज इतका चढला की ओट्याखाली झोपलेली टॉफी, आमची कुत्री, शेपूट घालून बाहेर पळाली. मर्विनही उठला.

*

डॉक्टर थीडा ब्रह्मदेशातून आलेल्या. आल्या तेव्हा गावात पैजा लागल्या होत्या की बाई एक उन्हाळाही काढायची नाही. आता गावातल्या झाडून सगळ्या पाठी त्यांनी भिंगाखाली घातल्यात, आणि दारूच्या गुत्त्यात पुरुष एकमेकांना विचारतात, तुझे किती डाग काढले? बाई चणीनं एवढ्याशा, आवाज त्याहून बारीक, पण समोरच्याला खोटं बोलू देत नाहीत.

त्यांनी मर्विनला पलंगावर बसवलं, ओल्या बोळ्यानं डांबर पुसलं आणि थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," मर्विन म्हणाला. "काळा डाग होता, वाढत होता."

"कशानं?"

"खुरं छाटायच्या कात्रीनं." आणि मग घाईनं, "स्वच्छ होती. स्पिरिटमधून काढलेली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आणि तुकडा?"

"कुठला तुकडा?"

"कापलेला, मर्विन. तो कुठे आहे?"

आमचा माणूस बोटांनी टोपीची कड फिरवत बसला. मग म्हणाला, "टाकला. कुत्र्यानं खाल्ला असेल."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, ओरडायचं काम तर मी वाटेतच उरकलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मला दाखवायला आला असता तर त्या काळ्या डागाचा एक कण मी काढला असता आणि तपासायला पाठवला असता. त्याला बायोप्सी म्हणतात. तो कण सांगतो की डाग कसला आहे. आणि मेलॅनोमा असेल, तुमच्या वडिलांना झाला तो कातडीचा जीवघेणा कॅन्सर, तर तो किती खोल गेलाय हेही त्या डागातच कळतं. सगळं त्या खोलीवर असतं. वरवर असेल तर कापला की माणूस सुटला. खोल असेल तर पुढचं सगळं वेगळं. आणि तुम्ही नेमका तोच तुकडा कुत्र्याला घातलात."

"मग आता?"

"आता कडेचा कण घेते. पण कड चांगली निघाली तरी मला कळणार नाही की मध्ये काय होतं."

मर्विनच्या तोंडचं पाणी पळालं. मला दिसलं ते.

बाईंनी त्याचा शर्ट उतरवला आणि भिंग घेऊन सगळं अंग धुंडाळलं, बगलांपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत. नवऱ्याची पाठ रोज बघते म्हणून मला वाटत होतं मला ती ठाऊक आहे. भिंगाखाली बघितली तर वाळलेल्या तळ्याचा तळ! पाठीवर एक जाड करडी गाठ निघाली, हातावर एक लाल खरखरीत चट्टा. "ह्यांचेही कण घेऊन टाकू," बाई म्हणाल्या.

मग सुई. मेंढ्यानं बरगडी मोडली तेव्हा शिव्या देत स्वतः गाडी चालवत आलेला हा माणूस, कानात बधिर करायची सुई गेली तशी त्यानं माझा हात असा आवळला की अंगठी रुतली. बाईंनी एक बारीक पोकळ नळी घेतली, धारेची, आणि ती गोल फिरवून कानाच्या कडेतून भाताच्या शिताएवढा कण काढला.

"बस? एवढंच?" मर्विन म्हणाला. "आमच्याकडं कोकरांच्या कानाला खूण पाडायचा चिमटा ह्याच्या दसपट आहे."

"माहितीय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर इथून पुढे तो चिमटा आणि ती कात्री कोकरांसाठीच ठेवा."

*

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. लाल धूळ, मल्गाची खुरटी झाडं, कुंपणाच्या तारांवर ओळीनं बसलेले गुलाबी गलाह काकाकुवे. मी मनातल्या मनात त्याला काय काय बोलत होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि त्या बोलण्याच्या मध्येच मला एकदम सुचलं. मी ब्रेक दाबला.

"टॉफीनं खाल्ला म्हणालास."

"हं."

"तू तिच्यासमोर टाकलास?"

"म्हणजे... टाकला कुठंतरी. आता ती काय सोडते?"

"मर्विन, लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी कुत्र्याला कच्चं काळीज घातलं म्हणून तुझ्या बापानं मला अंगणात उभं करून झापलं होतं. मेंढीचा कच्चा तुकडा कुत्र्याच्या तोंडी गेला तर कुत्र्याला किडे होतात आणि कुत्र्याकडून माणसाला. बरोबर? तुझ्या हातून आजवर एक शेपूट तरी कुत्र्यासमोर पडलंय का?"

तो समोर बघत राहिला. ओठ हलत होते. हात आपोआप उचलला गेला, बोटांनी कात्री धरल्यासारखा, आणि कानाकडून खाली, उजव्या बाजूला गेला.

"डब्यात," तो म्हणाला. "कचकन कापलं आणि कात्री डब्यात बुडवली. पात्याला जे चिकटलेलं असतं ते डब्यातच पडतं की. सगळे कान डब्यातच जातात."

"मग बाईंना कुत्र्यानं खाल्ला म्हणून का सांगितलंस?"

"अगं, आठवेना. आणि त्या अशा बघत होत्या..."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर कानही रिकामा. मी गाडी अशी हाणली की मागच्या हौद्यातलं सुटं टायर नाचायला लागलं.

शेडपाशी पोचलो तर विरेमुची गाडी उभी! परवा यायची मंडळी आजच हजर. विरेमु न्यूझीलंडचा माओरी, ह्या भागातल्या शेडमध्ये मेंढ्या कातरतच म्हातारा होत आलेला, दंड माझ्या मांडीएवढे. तो अंगणात लाकडं रचून चहासाठी आग पेटवायच्या तयारीत होता. लाकडं ओली असावीत, धूर नुसता. आणि त्याच्या हातात तो स्पिरिटचा डबा. झाकण काढलेला, लाकडांवर तिरका केलेला.

"विरेमु!" मी चालत्या गाडीतूनच किंचाळले. "थांब! त्यात माझा नवरा आहे!"

तो जागच्या जागी पुतळा झाला. त्यानं डब्यात पाहिलं. मग गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या मर्विनकडे पाहिलं.

"मावशी," तो जपून म्हणाला, "नवरा तुझ्या बाजूला बसलाय."

"त्याचा कान आहे त्यात! कान! ठेव तो खाली!"

विरेमुनं डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी, तान्हं मूल ठेवावं तसा. थोडं स्पिरिट सांडलं होतं, पण तळाशी सगळं जागच्या जागी होतं.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरून मी ते सगळं जेवणाच्या टेबलावर ओतलं. आठ-दहा तुकडे. स्पिरिटनं सगळे एकाच रंगाचे झालेले, उकडल्यासारखे पांढुरके, कडा मुरडलेल्या. विरेमु दारातून मान लांबवून बघत होता.

"हा माझा," मर्विन एकावर बोट ठेवून म्हणाला.

"त्याला लोकर आहे."

"माझ्या कानालाही केस आहेत."

"एवढे नाहीत."

"मालक, तो मागचा बघा," विरेमु म्हणाला. "तो जरा म्हातारा वाटतोय."

जन्म मेंढ्यांत गेला आणि ह्या माणसाला स्वतःचा कान ओळखता येईना. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी उठले, बीट वाडग्यात काढलं, बरणी धुतली, सगळेच्या सगळे तुकडे तिच्यात घातले आणि वर कपाटातलं नवं स्पिरिट ओतलं.

दवाखान्याच्या खिडकीत ग्लेनिस बसते. बरणी पुढे केली तशी म्हणाली, "अय्या, डॉक्टरांसाठी बीट?"

"उघडू नकोस."

तिनं उघडली. त्यानंतर बराच वेळ ग्लेनिस काही बोलली नाही, आणि ग्लेनिसच्या बाबतीत गावात ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

डॉक्टर थीडांनी बरणी उजेडात धरून फिरवली. "ह्यातला माणसाचा कुठला?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलोय."

त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितलं मी त्यांना. "शहरातले तपासणारे मला वेडी म्हणतील. पण पाठवते. स्पिरिटात राहिला हे तुमचं नशीब, हेझल. उन्हात पडला असता तर काहीच हाती लागलं नसतं. आता वाट बघायची."

*

वाट बघायला वेळ होता कुणाला? कातरणी सुरू झाली.

पहाटे ओव्हनमध्ये मटणाची तंगडी, मग पाव, मग दहाच्या चहाला केक, दुपारचं जेवण, परत चहा. अधेमधे मी शेडमध्ये लोकर निवडायला. पत्र्याखाली भट्टी पेटलेली असते. यंत्रांचा घरघराट, मेंढ्यांच्या घामाचा आणि लेंड्यांचा वास, लोकरीच्या तेलानं कोपरापर्यंत मऊ झालेले हात. विरेमु मेंढीला बुडावर बसवतो, गुडघ्यात धरतो आणि पोटापासून सुरू करून सगळी लोकर एका अंगरख्यासारखी उतरवतो. मर्विन कानावर पांढरी पट्टी लावून मेंढ्या आत ढकलत होता. मेंढी अडली की खांदा लावत होता. वाकताना पाठीच्या टाक्यानं तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण विचारलं की "काही नाही."

कातरणारी पोरं त्याला सोडत नव्हती. "मालक, तुमच्या कानाला डांबर लावू का?" "मालक, खुरं वाढलीयत, बसा खाली." तो हसायचा. पण मी बघत होते. मेंढीचा कान हातात आला की तो अंगठ्यानं कड चाचपायचा आणि हात तिथंच थांबायचा.

आणि मग एक दिवस त्यानं मला पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं.

"हा व्हॉल्व्ह बघ," तो म्हणाला. "जाम झाला तर पान्यानं डावीकडं मारायचा, उजवीकडं मारलास तर आटे जातील. आणि पलीकडच्या कुरणाचं फाटक खालून उचलून धरावं लागतं. मोटर आधी दोन ठिणग्या टाकते, घाबरायचं नाही."

मी ऐकत होते. हातात चहाची किटली. आधी वाटलं, काम वाटून देतोय. मग एकदम उजेड पडला.

"हे मला का सांगतोयस?"

"सहज. तुलाही माहीत असावं."

"मला माहीत करून घ्यायचं नाही! तुझा व्हॉल्व्ह तूच फिरव! तुझं फाटक तूच उचल!" किटली मी जमिनीवर आदळली. चहा मातीत गेला. "तुझ्या बापानंही जायच्या आधी मला ह्याच टाकीपाशी उभं करून हाच व्हॉल्व्ह दाखवला होता, मर्विन."

तो उन्हात उभा राहिला, हात लोंबकळत. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी शेडमधून बघत होतो." आणि मग खाली मान घालून, "भीती वाटते गं, हेझल."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं मला पहिल्यांदा ऐकवलं. मी जाऊन त्याला धरलं. दोघंही लोकरीच्या तेलानं माखलेले, घामानं चिंब. मलाही भीती वाटत होती, आणि ते मी त्याला सांगितलं. मग आतून विरेमु ओरडला की मेंढ्या संपल्या, नव्या ढकला.

*

फोन आला तो दुपारच्या पाळीत. आमच्या शेडमध्ये उत्तरेच्या खिडकीपाशीच तेवढी रेंज येते, म्हणून मर्विनचा फोन तिथं खिळ्याला पिशवीत टांगलेला असतो. त्यानं पिशवीतून फोन काढला, नाव बघितलं आणि माझ्यापुढे धरला.

"तू घे."

"तुझा आहे."

"तू घे गं!"

विरेमुनं आमच्याकडे बघितलं आणि यंत्र बंद करायला दोरी ओढली. त्याचं बघून बाकीच्यांनीही ओढली. शेड एकदम गप्प झाली. अर्धी कातरलेली एक मेंढी विरेमुच्या गुडघ्यांत तशीच बसून राहिली, एका अंगाला गोरी, एका अंगाला मळकी.

"हेझल का?" डॉक्टर थीडा म्हणाल्या. "मर्विनला देता?"

"तो घेत नाही. तो म्हणतोय मलाच सांगा." मर्विन मान हलवत होता, जसं काही त्यांना दिसणारच होतं.

"मग आधी सांगते, घाबरू नका. वाईट नाहीये. त्या बरणीतले सगळे कान मेंढ्यांचे निघाले, एक सोडून. त्या एकावर लिहून आलंय, माणूस. मेलॅनोमा नाही."

मी गाठोड्यावर बसले. लोकरीच्या गाठोड्यावर.

"कॅन्सर आहे," त्या पुढे म्हणाल्या, "पण वेगळ्या जातीचा. काळा होता म्हणून मेलॅनोमासारखा दिसला, मलाही तीच शंका होती. हा घरकोंबडा असतो. जिथं उगवतो तिथंच खात बसतो, सहसा दुसरीकडे जात नाही. कडेच्या कणात थोडा अजून शिल्लक आहे, कात्री तिथवर पोचली नव्हती. तेवढं मी कापून टाके घालते. हातावरचा चट्टा पुढेमागे बिघडला असता, तोही काढते. पाठीवरचं काही नाही, वयाची चामखीळ आहे. ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अगदी ठणकन आवाज होऊन पडला.

"आणि हेझल, तपासणाऱ्यांनी खाली एक ओळ जोडलीय. मेंढ्यांनाही उन्हापासून जपा म्हणतात."

मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मर्विन तर भिंतीला टेकून उभा होता, डोळे माझ्या तोंडावर.

"नाही," मी म्हटलं. "बापाचा नाही. तुझा वेगळा आहे. कापला की संपला."

त्यानं टोपी काढली, तोंड टोपीत घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. कुणी हसलं नाही. विरेमु खाली बघून मेंढीच्या कानामागची लोकर बोटानं नीट करत राहिला. मग मर्विननं नाक पुसलं आणि भरल्या गळ्यानं ओरडला, "बघताय काय? ती मेंढी काय अर्धीच सोडणार आहात?"

दोऱ्या ओढल्या गेल्या. घरघराट सुरू झाला. मी तिथंच गाठोड्यावर बसून रडून घेतलं, मोठ्यानं, कारण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

*

दुसऱ्याच दिवशी, कातरणी चालू असताना, मर्विन दवाखान्यात गेला. शेड विरेमुवर सोडून. आमच्या घराण्यात हे कधी घडलं नव्हतं. बाईंनी कानातून पाचर काढावी तसं राहिलेलं काढलं आणि टाके घातले. तो पलंगावरून उतरला तशा मला म्हणाल्या, "आता तुम्ही चढा." मी म्हटलं, "मी कशाला? मला तर..." आणि नवऱ्याकडे बघितलं. असा खूष होऊन बघत होता मेला! चढले मुकाट्यानं. माझ्या पोटरीवरचा एक कण गेला तपासायला, आणि साधा तीळ म्हणून परतही आला.

टाके निघाले, पट्टी गेली, आणि पुढची कातरणी आली. मर्विन फाटकाशी उभा, रुंद काठाची नवी टोपी घालून. विरेमुनं गाडीतून उतरल्या उतरल्या ती टोपी उचलली आणि कान बघितला. उजव्या कानाच्या वरच्या कडेला सुबक खाच, कोकराच्या कानाला आमच्या चिमट्यानं पडते तशीच.

"अरे, ही तर ह्याच शेताची खूण!" तो ओरडला. "पण मालक, तुमच्याकडं नरांना डाव्या कानाला पाडतात ना? उजव्या कानाला तर माद्यांना."

सगळी पोरं हसली. मर्विनही हसला, कानापर्यंत लाल होऊन. "असू दे," तो म्हणाला. "कुठं हरवलो तर खूण बघून कुणीही आणून सोडेल घरी."

"हरवून तर बघ," मी म्हटलं.

मग मी चहाची किटली घेऊन टाकीकडे गेले. व्हॉल्व्ह जाम झाला होता. पाना तिथंच लटकवलेला होता, डावीकडं मारायचा तेही मला चांगलं ठाऊक होतं. मी हात लावला नाही.

"मर्विन!" मी हाक मारली. "पाणी येत नाहीये. ये की रे इकडं!"

"आलो गं," तो फाटकापासून ओरडला, आणि आला.